उजवा दाणा

आमच्या त्या टोळक्यातले कुणीही दोघं एसटी स्टँडवर भेटले, की दोघांचीही गाडी हमखास चुकते. "ती म्हैस आठवते का रे?" एवढं एकानं म्हणायचा अवकाश! ऐकणारे विचारतात, लाकडाचे दोन तुकडे गोंदानं चिकटवायचे आणि ते कधी सुटतात हे बघत बसायचं, त्यात एवढं खिदळण्यासारखं काय आहे? मी म्हणतो, अहो, जिथे दिवसभर काही घडत नाही तिथेच किस्से साठतात. बाकीच्या ठिकाणी माणसं काम करतात बिचारी.

आधी थोडी माहिती देऊन टाकतो, म्हणजे मध्ये मध्ये विचारायला नको.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मुंबईची एक कंपनी प्लायवुडसाठी, फर्निचरसाठी गोंद करायची. मुंबईत तो गोंद ठणठणीत. कोकणात आला, की गौरी-गणपतीपर्यंत कपाटाची दारं हातात! मग हेड ऑफिसनं ठरवलं, की जिथे पाऊस चार महिने दम घेत नाही आणि वैशाखात कौलं तापून घरात बसवत नाही, अशा जागी गोंदाची टेस्ट घ्यायची. त्यांनी नकाशात शोधलं आणि आम्ही सापडलो.

पोलादपूरच्या बाहेर, आंबेनळी घाटाकडे वळणाऱ्या रस्त्याला एक कौलारू घर आणि मागचं मोठं परसू कंपनीनं घेतलं. परसात लाकडी चौकटी उभ्या केल्या, चौकटींना आकडे. दोन पट्ट्या इंचभर एकमेकींवर ठेवून चिकटवायच्या. वरची आकड्याला अडकवायची, खालचीला सावित्री नदीच्या पात्रातला पाच शेराचा धोंडा टांगायचा. धोंडा पडला की गोंद फेल. तो कुठल्या दिवशी पडला, किती वाजता, तेव्हा हवा किती तापलेली आणि किती दमट, हे रजिस्टरात लिहायचं. ते लिहिणारा मी, दत्ताराम मोरे. मॅट्रिकला दोनदा बसलेला. पडणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती!

आम्ही चौघं होतो. कर्णिकसाहेब मुंबईचे, केमिस्ट. इस्माईलभाई महाडचे, सुतार. पट्ट्या कापणं आणि चिकटवणं त्यांच्याकडे. गंगूबाय आमच्या वाडीची, तिच्याकडे उकडखोली. उकडखोली म्हणजे आतून पत्रे मारलेली एक कोंदट खोली. बाहेर चुलीवर हंडा रटरटतोय आणि त्याची वाफ नळीनं आत. परसातलं ऊन-पाऊस देवाच्या हातात, उकडखोलीतलं गंगूबायच्या.

आणि एक अट होती. कंपनीनं तीन पावसाळे दिले होते. तिसऱ्या दसऱ्याला परसातल्या चौकटीवर एक तरी धोंडा लोंबत असला पाहिजे. असला तर स्टेशन कायम आणि आम्हीही कायम. नसला तर कुलूप. कर्णिकसाहेबांचं यात आमच्यापेक्षा जास्त अडकलं होतं. अकरा नंबरचा गोंद त्यांनी स्वतः शोधलेला. पांढरी भुकटी, पाण्यात कालवून लावायची. हेड ऑफिसात त्याला 'कर्णिकांची खीर' म्हणून हसायचे. ते हसणं सहन होईना म्हणून हा माणूस बायकोमुलं दादरला ठेवून आमच्या रानात येऊन राहिला होता.

* * *

पहिल्याच महिन्यात तुकाराम गुरव आला. आमच्या वाडीच्या वाघजाईचा हा गुरव. साठीचा, सडसडीत, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता खांद्याकडे बघायची सवय. चौकटींसमोर बराच वेळ उभा राहिला. साहेबांनी हौसेनं त्याला सगळं समजावून सांगितलं.

"मंजे कौलच की," गुरव म्हणाला.

तुमच्याकडे कौल लावतात की नाही, मला ठाऊक नाही. आमच्याकडे सोयरीक, जमीन, आजारपण, काही अडलं की माणसं देवीकडे जातात. गुरव तांदळाचा एक ओला दाणा देवीच्या उजव्या खांद्याला लावतो, एक डाव्या खांद्याला, आणि गाऱ्हाणं घालतो. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. मग सगळे डोळे ताणून बघत बसतात. आता तुम्हीच सांगा, गुरवाचं काय चुकलं?

पण साहेब तापले. हे शास्त्र आहे, म्हणाले, देवाचा इथे काही संबंध नाही. धोंडा पडला तर गोंद वाईट, एवढंच.

"आनि नाय पडला तर?"

"तर वाट बघायची. पडेपर्यंत."

गुरवानं साहेबांच्या खांद्याकडे बघत विचार केला. मग म्हणाला, "मंजे तुमचा देव नुस्ता नाय म्हनतो. हो म्हनायची सोयच नाय."



* * *

गुरव गप्प बसणारा नव्हता. पंधरा दिवसांत आमचं नाव 'कौलाची कंपनी' पडलं. लोक काहीतरी निमित्त काढून परसाच्या कुंपणाशी येऊन उभे राहायचे, मनात एक नंबर धरायचे आणि तो पडतो का बघायचे.

शिवथरच्या खोऱ्यातून एकजण आले. मुलीसाठी पाचाडचं एक स्थळ सांगून आलं होतं. त्यांनी सहा नंबर धरला. दुपारपर्यंत पडला तर पाचाड पक्कं, असा हिशेब त्यांनी मला कानात सांगितला आणि वर दोन मोठाली तवसं, म्हणजे काकड्या, हातात ठेवली. आता सहा नंबर म्हणजे आमचा त्या वर्षीचा बऱ्यापैकी गोंद. तो कसला पडतोय! दुपार टळली. पाहुणे उभेच. मध्येच कुंपणावरून वाकून धोंड्यावर फुंकर घालून बघितली. शेवटची एसटी चुकायची वेळ झाली तेव्हा जवळ येऊन विचारतात, "सहाचा काय पडंना. सात चालल का?"

मला वाटतं स्थळ त्यांना मनातून पसंत होतं. लग्न झालं नंतर, मी जेवून आलो.

* * *

म्हैस. हिचा किस्सा छोटा आहे, पण आमच्यात मान मोठा.

पहिल्या पावसाळ्याच्या अखेरीला कुणाची तरी म्हैस कुंपण मोडून परसात आली आणि चौकटीला पाठ घासायला लागली. मी रीडिंग लिहीत होतो, म्हणजे पडवीत आडवा होतो. धडधड ऐकून उठलो तेव्हा बावीस धोंडे खाली आणि म्हैस डोळे मिटून सुखात. साहेबांचा दंडक असा, की रजिस्टरात खोटं लिहायचं नाही. तेव्हा बावीस नोंदींपुढे 'पडण्याचे कारण' या रकान्यात मी बावीस वेळा लिहिलं, 'म्हैस'.

महिन्यानं हेड ऑफिसचं पत्र आलं, टाइप केलेलं, सहीशिक्क्यानिशी. 'म्हैस हा घटक पुढील चाचण्यांतून वगळण्यात यावा.'

* * *

उकडखोलीच्या हवेचा तक्ता साहेब स्वतः काढायचे. तांबडी रेघ उष्णतेची, निळी दमटपणाची. रेघा सरळ जायला पाहिजेत, कारण चूल एकच, हंडा एकच, गंगूबाय एकच. पण श्रावणात निळ्या रेघेला एक टेंगूळ आलं. भाद्रपदात आणखी एक, मोठं. साहेबांनी आठ दिवस डोकं खाजवलं. नळी बदलली, थर्मामीटर बदलले, 'वाफेच्या अनियमित वाढीबाबत' असा चार पानी रिपोर्ट लिहायला घेतला.

मी बोललो नाही. बोलायला तोंड मोकळं असावं लागतं! टेंगूळ आलं ते नागपंचमीला, आणि दुसरं गणेश चतुर्थीला. गंगूबाय उकडखोलीत पातोळे आणि मोदक उकडत होती. एवढी आयती वाफ, ती कशाला वाया घालवायची, असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या वर्षी नागपंचमीला साहेब अचानक आत शिरले. चौकटीवर आमच्या पट्ट्या लोंबतायत आणि खाली सुपात हळदीच्या पानांत गुंडाळलेले पातोळे. साहेब काही बोलायच्या आत गंगूबायनंच सुरुवात केली. तिनं एक पातोळा उचलून त्यांच्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "सायेब, कड बघा. तुमचा गोंद उकडीत सुटतो. माजी कड सुटली काय?"

साहेबांनी कड बघितली. भिंगातून बघितली. मग पातोळा खाल्ला. दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, मोरे, नवीन नंबर लिहा. तांदळाची उकड, पुरवठादार गंगूबाय. आम्ही उकडीनं पट्ट्या चिकटवल्या आणि परसात टांगल्या. पहिल्या दिवशी एकही पडली नाही, दुसऱ्या दिवशी नाही. साहेब खरंच गंभीर झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे धोंडे जमिनीवर आणि सांध्यांवर काळी रांग. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'मुंग्या'.

गंगूबाय म्हणाली, बघा, कुनाला तरी आवडला.

* * *

इस्माईलभाईंचं दुखणं वेगळं होतं. त्यांच्या तीन पिढ्या सुतारकीत. खोबण, खुंटी, पाचर यांवर जन्म गेलेला. नुसत्या गोंदावर दोन फळ्या टेकवायच्या, हे त्यांना बिनटाक्याच्या शिवणीसारखं वाटायचं. तरी काम चोख करायचे. पण महाडच्या बाजारात बोंब अशी झाली, की इस्माईलचे सांधे कंपनीत रोज पडतात! एका मुलीच्या बापानं रुखवतातल्या पलंगाची ऑर्डर काढून घेतली, तेव्हा मात्र भाई छत्री आपटत साहेबांसमोर उभे राहिले. म्हणाले, इज्जतीचा सवाल आहे, मला लिहून द्या.

साहेबांनी लिहून दिलं. इंग्रजीत, कंपनीच्या कागदावर, खाली सही. भाईंनी त्याला काच लावून दुकानात टांगलं. वाचता कुणालाच येईना, पण शिक्का बघून गिऱ्हाईक परत आलं. पलंगवालाही आला. दोनेक वर्षांनी एक हेडमास्तर खुर्ची दुरुस्तीला टाकायला आले. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि खुर्ची उचलून घरी घेऊन गेले.

भाईंनी मला वाचायला लावलं. साहेबांनी खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिलं होतं, 'इस्माईल यांनी केलेले सर्व सांधे अपेक्षेप्रमाणे वेळेवर पडले आहेत.'

* * *

दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत गुरवाची आणि साहेबांची गट्टी जमली होती. साहेबांनी त्याला एकदा सहज विचारलं, ओला दाणा किती वेळ टिकतो? गुरव म्हणाला, चैतात पान खाऊन होईपावेतो नाय, आषाढात भजन संपलं तरी पडत नाय. म्हणजे त्याचा दाणा ओलीनं टिकायचा आणि आमचा गोंद ओलीनं सुटायचा. पण हवा कधी कोरडी होणार, कधी दमटणार, हे त्याला आमच्या यंत्राच्या आधी बोटांना कळायचं.

दुसऱ्या पावसाळ्यात दमटपणाचं यंत्र माझ्या हातून फुटलं. नवीन मुंबईहून यायला महिना. साहेब रजेवर दादरला. मी काय करणार? रोज सकाळी देवळात जायचो, गुरव दोन बोटं हवेत चोळून सांगायचा, 'काल्च्यापेक्षा वाईच जास्ती', की मी कालच्या आकड्यात दोन मिळवायचो. महिनाभर रजिस्टर असं भरलं.

हेड ऑफिसचं पत्र आलं. 'गेल्या महिन्यातील नोंदी विशेष काटेकोर आढळल्या. अभिनंदन.'

साहेबांना मी ते पत्र दाखवलं, यंत्राचं सांगितलं नाही. आज सांगतोय.

* * *

आता तिसरा पावसाळा. इथून पुढे मला नीट सांगू द्या, मध्ये बोलू नका.

आषाढ संपता संपता पहिले दहाही नंबर आडवे झाले होते. अकरा नंबरचे बारा धोंडे टांगले होते, त्यातले दोन उरले. साहेब दिवसातून दहादा छत्री घेऊन परसात जायचे आणि काही न करता परत यायचे. जेवण निम्मं झालं होतं त्यांचं. आम्ही कुणी उघड बोलत नव्हतो, पण माझ्या डोक्यात तेच. ही नोकरी गेली तर दोनदा पडलेल्या मॅट्रिकला पोलादपुरात दुसरं कोण विचारतंय? गंगूबायचा नवरा घाटात दरड काढताना पायानं अधू झालेला. तिची चूल या चुलीवर पेटायची.

तिनंच ठरवलं. देवीला कौल लावायचा.

साहेब येणार नाही म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी जाऊन देवळात बसले. इस्माईलभाई बाहेर फणसाखाली छत्री धरून उभे. वाडी जमली. तबक धरायला गुरवानं मला उभं केलं.

आता माझी अक्कल बघा! मी विचार केला, डावा दाणा पडलाच नाही तर उजव्याला पडावंच लागेल. औषधाच्या एका छोट्या बाटलीत मी अकरा नंबरची भुकटी बुचापर्यंत भरून आणली होती. वर माझ्याच हातानं '११' अशी चिठ्ठी डकवलेली. देवळाच्या खांबाआड तळहातावर चिमूटभर भुकटी पाण्यात कालवली, एक दाणा त्यात घोळला आणि तबकात कडेला ठेवला. तेवढ्यात कुणीतरी आलं, म्हणून बाटली कोनाड्यात तेलाच्या बाटल्यांमागे ढकलली.

गुरवानं गाऱ्हाणं घातलं. परसातला अकरा नंबरचा धोंडा दसऱ्यापावेतो लोंबत राहणार असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे. मग हात पुढे केला, "उजवा." मी साधा दाणा दिला. "डावा." मी चिकट दाणा दिला, आणि दोन्ही दाणे त्याच्या बोटांवर असतानाच, पाप लागू नये म्हणून डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा दोन्ही दाणे देवीच्या खांद्यांवर होते. पाऊस पडत होता, समई जळत होती. बऱ्याच वेळानं एक दाणा सरकला आणि टपकन खाली आला.

डावा.

घाबरून मी दाण्यांची अदलाबदल केली असणार! गंगूबाय उठली आणि बाहेर गेली. साहेब म्हणाले, मी या गोष्टी मानत नाही. पण छत्री देवळातच विसरून भिजत घरी गेले. उजवा दाणा मात्र होता तिथेच होता.

श्रावण सरताना एक धोंडा पडला. पितृपक्षात दुसरा.

* * *

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबईहून मोठे साहेब आले. मोटारीतून उतरून सरळ परसात गेले. रिकाम्या चौकटी बघितल्या, रजिस्टर चाळलं, म्हशीच्या पानावर थोडे थांबले. मग कर्णिकसाहेबांना म्हणाले, तुम्ही मन लावून काम केलंत, पण बोलणं ठरलं होतं. खिशातून कुलूप काढलं. पितळी, नवंकोरं. ते बघून मला पहिल्यांदा खरं रडू आलं.

तेवढ्यात तुकाराम गुरव कुंपणातून आत आला. त्याला मोठे साहेब कोण, कशाला आलेत, याचं सोयरसुतक नव्हतं. तो तक्रार घेऊन आला होता.

"सायेब, तुमच्या कंपनीचा दाना माज्या देवीच्या खांद्याला बसलाय. तो निघंना."

मोठ्या साहेबांना काही कळेना. गुरवानं सांगितलं ते असं. आषाढापासून रोज देवीला पाणी घालतोय. शेजारी समई जळतेय. श्रावणी सोमवारी दुधाचा अभिषेक झाला, घटस्थापनेला कढत पाण्यानं अंघोळ घातली, तेल लावून चोळली. दाणा हलला नाही. पडल्याशिवाय कौल उतरत नाही. उजव्या खांद्याला दुसरा कौल लावता येत नाही, वाडीची दोन लग्नं अडलीयत.

मोठे साहेब बूट काढून देवळात गेले. आम्ही सगळे मागे. त्यांनी भिंग लावून दाणा बघितला, बोटानं ढकलून बघितला. समईची धग, दूध, कढत पाणी, तेल, आणि तेही अडीच महिने! इतकी कडक टेस्ट आम्ही परसातही घेतली नव्हती.

"हा कोणी लावला?" त्यांनी विचारलं.

आता बोला! खरं सांगावं तर मी देवीच्या कौलात लबाडी केली, आणि ऐकायला सगळी वाडी हजर. गप्प राहावं तर मोठ्या साहेबांच्या खिशात कुलूप. गंगूबाय माझ्याकडे बघत नव्हती, पण तिच्या अधू नवऱ्याची काठी दारात दिसत होती.

"मी," मी म्हणालो. "अकरा नंबर आहे साहेब."

मग गुरव शांतपणे म्हणाला, "त्यानं दिला. लावला मी."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. तो माझ्या खांद्याकडे बघत होता.

"चाळीस वर्सं ओला दाना बोटावर घेतोय, दत्तू. चिकट लागला तवाच कळलं मला. तू डाव्याला दिला होतास. मी उजव्याला लावला."

"पण का?" मी विचारलं.

"डाव्याला लावला असता तर देवीच्या तोंडून खोटा हो गेला असता. खोटा हो मिळाला की मानूस निजून ऱ्हातो. खोट्या नायनं कुनाचं बिघडत नाय, मानूस हातपाय हलवतो." मग कर्णिकसाहेबांकडे वळून म्हणाला, "आनि तुमचे धोंडे पडलेच की. देवी खोटी नाय पडली."

इथे कर्णिकसाहेबांचा स्वभाव बघा. जीव वाचायची वेळ आली, तर हा माणूस म्हणतो, "सर, पण दगड फुगत नाही, लाकूड फुगतं. ही टेस्ट लाकडाला लागू नाही. शिवाय भुकटीत तांदळाचं पाणी मिसळलंय."

"कर्णिक," मोठे साहेब म्हणाले, "आज एक दिवस गप्प बसा."

त्यांनी नमुना म्हणून दाणा मुंबईला न्यायचं ठरवलं आणि खिशातून चाकू काढला. गुरव आडवा आला. पडल्याबिगर हात लावायचा नाय, म्हणाला. मोठ्या साहेबांनी विचारलं, मग किती दिवस थांबायचं?

याचं उत्तर कर्णिकसाहेबांनी आणि गुरवानं एकदमच दिलं. "पडेपर्यंत."

मोठे साहेब देवळाच्या पायरीवर बसले, रजिस्टर मागवलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, 'चाचणी अपूर्ण. दाणा पडेपर्यंत स्टेशन चालू ठेवावे.' कुलूप त्यांनी परत नेलं. गंगूबाय तिथेच बसून रडली आणि रडता रडता मला दोन शिव्या दिल्या. दोन्ही मला पोचल्या.

* * *

साहेबांनी पुढे भुकटीत तांदळाचं पीठ मिसळून नवा गोंद केला, आणि त्याचे धोंडे चौकटीवर चार-चार पावसाळे लोंबले. 'खीर' म्हणायचं हेड ऑफिसनं बंद केलं. पण कागदावर स्टेशन चालू होतं ते दाण्यामुळेच. गुरवानं बाकीचे कौल देवीच्या दंडाला लावायची तोड काढली, अडलेली लग्नं झाली. आणि माझ्या कामात एक भर पडली. रोज सकाळी देवळात जायचं, बघायचं आणि लिहायचं, 'उजवा. पडला नाही.' मी ते वर्षानुवर्षं लिहिलं. कधी वाटायचं दाणा आज जरा वर दिसतोय, कधी जरा तिरका. पण माणूस रोज एकच गोष्ट बघत बसला की त्याला असं वाटतंच.

पुढे काही वर्षांनी, शिमग्यानंतर, तुकाराम गुरव गेला. त्याचा मुलगा विठू, माझ्याच वयाचा, गुरवकी बघू लागला. त्यानं देवळातले कोनाडे झाडले आणि एका सकाळी ऑफिसात आला. हातात औषधाची छोटी बाटली. चिठ्ठी पिवळी पडली होती, पण अक्षर माझंच होतं, '११'.

"हे तुमचं काय? तेलाच्या बाटल्यांमागं होतं. आबा कुनाला हात लावू द्यायचा नाय."

बुचापर्यंत भरलेली बाटली मी तिथे ठेवली होती. वापरली होती चिमूटभर. आता तळाला चिमूटभर उरली होती.

कर्णिकसाहेबांनी बाटली हातात घेतली आणि खिडकीच्या उजेडासमोर धरली. खोटं लिहायचं नाही, असा ज्यांचा दंडक, ते साहेब. मग उठले, कपाट उघडलं, अकरा नंबरचा जुना डबा काढला, बाटली बुचापर्यंत भरली, बूच घट्ट बसवलं आणि ती विठूच्या हातात दिली.

"जिथे होती तिथे ठेव," म्हणाले.